एकट्या कुकाऱ्याला दिलेली ओ

देव आहे की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो ऐकतो का, हा मात्र त्या संध्याकाळी पडला. काजळी नदीच्या काठावर मी बसले होते. शेजारी माझी सायकल, दोघांचा तंबू, आणि दुसऱ्या माणसाचा पत्ता नाही.

आमच्या ह्यांना निवृत्तीनंतर सायकलीचं वेड लागलं. हातखंब्याहून निघायचं, पालीपुढे नदीकडे उतरायचं, दिवसभर काठाकाठाने जायचं आणि रात्री वाळूवर तंबू ठोकायचा, असा बेत. त्यांचा मधुमेह जुना. विसरतील म्हणून गोळ्या, ग्लुकोज, बिस्किटं सगळं मी माझ्याच पिशवीत ठेवलं. दुपारी साकव लागला, म्हणजे आमच्याकडचा छोटा लाकडी पूल. पलीकडची वाट ह्यांना जास्त चांगली दिसली. "तू अलीकडून ये, मी पलीकडून. बघू, पुढे तुझ्या बाजूच्या देवळासमोर आधी कोण पोचतं!" उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मी हसले आणि जाऊ दिलं.

देवळाशी मी कधीच पोचले. समोरचा काठ रिकामा होता. ऊन डोंगराआड गेलं, तरी रिकामाच. फोनला रेंज नाही. समोर खोल डोह, साकव मागे लांब राहिलेला, आणि मी मागे गेले अन् ते इथे आले तर? एव्हाना त्यांची साखर उतरली असणार, आणि ग्लुकोज माझ्या मांडीवर. मन चिंती ते वैरी न चिंती. मला ते झाडीत पडलेले दिसत होते, पाण्यात दिसत होते. देवळाचं दार बंद होतं, त्याच्याकडे बघून रागाने म्हटलं, आता कुठे गेलास?

तेवढ्यात पलीकडून कुकारा आला, रानात लांबून घालतात तशी कूऽऽ अशी हाक. लांब, बारीक, एकदाच.

आमच्यात लहानपणापासून बजावलेलं असतं, की तिन्हीसांजेला एकट्या कुकाऱ्याला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर पुन्हा घालेल. चकवा एकदाच बोलावतो, आणि ओ देणाऱ्याला पाण्याकडे ओढून नेतो. एवढं वय झालं तरी मी हे पाळत आले आहे. ओढणी तोंडात धरून मी दुसऱ्या कुकाऱ्याची वाट पाहिली. तो आला नाही. पाणी काळं होत चाललं होतं. आणि मला वाटलं, दुसऱ्यांदा हाक मारण्याइतका दम ह्यांच्यात उरलाच नसेल तर?

मी देवळाच्या पायरीला हात लावला. "बा देवा, हे असतील, तू असशील, नाहीतर चकवा असेल. मला कळत नाही. मी ओ देते. पुढचं तुझं." आणि उठून, जीव खाऊन कुकारा घातला. पुन्हा घातला. घसा बसेपर्यंत घालत राहिले.

बराच वेळ काही नाही. मग पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला. "गो बाय, रडू नको! तुजा घोव हय हाय, माज्या अंगनात! वरच्या अंगाला पानी कमी हाय, दगडांवरनं ये!"

कशी गेले ते आठवत नाही. अंगणात हे घामाने निथळत बसले होते, हातात गूळपाण्याचा तांब्या. दमलेल्या पाहुण्याला आधी गूळपाणी द्यायचं, या रिवाजाने त्या म्हाताऱ्या मावशीने ते दिलं होतं. ह्यांच्या डोळ्यांत ओळख परत येत होती. मी आधी रडले, मग त्यांना यथेच्छ बोलले.

मग मावशीचे पाय धरले. "तुम्ही कुकारा घातलात म्हणून कळलं हो."

"मी कुटं घातला?" ती म्हणाली. "मी चुलीपाशी. तुजा आयकला म्हनून भायर आले, तर ह्यो वाटेवर पडलेला."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पडल्यापासून त्यांच्या तोंडून शब्दच फुटला नव्हता.

तो पहिला कुकारा कुणाचा, हे मी शोधलं नाही, शोधणारही नाही. गुराख्याचा असेल. भीती माझी गेलेली नाही. पण ती पोटात असतानाच पुढचं देवावर टाकता येतं, एवढं मला त्या पायरीवर कळलं, आणि त्यासाठी मी रोज हात जोडते. मी शहाण्यासारखी गप्प बसले असते, तर मावशी चुलीपाशीच बसून राहिली असती.