उक्कोच्या पोटाला बसलेला चटका

अर्वो लाहतेलानं चाळीस वर्षं अमेरिकेतल्या हॅनकॉक गावातल्या रस्त्यांवरचा बर्फ सारला होता. त्यामुळे ऊब म्हणजे काय, हे त्याला शिकवायची कुणाची टाप नव्हती. गावातले चार सौना, म्हणजे तापल्या दगडांच्या ऊबेत घाम काढायच्या लाकडी खोल्या, त्यानं स्वतःच्या हातानं बांधलेले. शेगडी कुठे मांडायची, वर दगड किती रचायचे, सगळं तोंडपाठ. मोठा शहाणा!

जानेवारीत त्याची बायको एल्मा अंगणात घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. दवाखान्यातून तिचं एकच टुमणं, "अरे, माझ्या उक्कोला सांभाळ!" उक्को म्हणजे तिचा नऊ वर्षांचा दाढीवाला सरडा. काचेच्या पेटीत दिव्याखाली दिवसभर लोळायचा. अर्वोला त्याचं काडीचंही कौतुक नव्हतं. पण एल्मा शुक्रवारी घरी यायची होती, आणि ती आधी पेटीपाशी जाणार, हे काय सांगायला हवं?

उणे वीसची थंडी पडली तसा उक्को गारठला. खाईना, हलेना. अर्वोनं पाळीव जनावरांचं सामान विकणाऱ्या लोरेनचं दुकान गाठलं.

"हा सिरॅमिकचा हीटर ने," लोरेन म्हणाली. "उजेड नाही, नुसती ऊब. वरून टांगायचा. सोबत थर्मोस्टॅट घे, म्हणजे फाजील तापणार नाही."

"वरून?" अर्वो हसला. "बाई गं, ऊब दगडातून येते. मी काय आज पहिल्यांदा सौनात बसलोय?" त्यानं फळीवरचा विजेवर तापणारा दगड उचलला.

"अर्वो, तो नको रे..."

"किती झाले, बोल."

उक्को दगडाला जो चिकटला तो उठेचना. बघा, कसा सुखात आहे, म्हणून अर्वो शेजाऱ्यांना सांगत सुटला. तिसऱ्या दिवशी त्यानं उक्कोला सहज उचललं. सरड्याचं पोट लालभडक भाजलं होतं.

"अहो, याला खालचा चटका नीट कळत नाही," जनावरांची डॉक्टरीण म्हणाली. "याच्या लेखी ऊब उन्हाची, वरून येणारी. गार वाटलं की हा दगडाला आणखी बिलगणार." तिनं मलम दिलं. खायला लागला तर वाचेल, म्हणाली.

अर्वो तडक लोरेनकडे गेला. "तो वरून टांगायचा दे. आणि कसा लावायचा, तेही सांग."

"या, सौनावाले, बसा!" म्हणत तिनं कागदावर काढून दाखवलं. हीटरला जाळी, उक्को बसतो तिथे थर्मोस्टॅटची तार, पेटीचं दुसरं टोक गार. अर्वोनं निमूट तसंच केलं. गुरुवारी संध्याकाळी उक्कोनं एक अळी खाल्ली, तेव्हा हा सहा फुटी गडी रडला.

शुक्रवारी एल्मा वॉकर टेकत आली. अर्वो दारातच आडवा उभा राहिला.

"आधी ऐक. उक्को भाजलाय. लोरेन नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. माझं चुकलं."

एल्मानं विचारलं, "खातोय का?"

"कालपासून."

"तुझ्या तोंडून 'माझं चुकलं' ऐकायची पंचेचाळीस वर्षं वाट बघितली रे मी," ती म्हणाली. ती हसत होती, आणि डोळे मात्र भरून आले होते. "पण ते त्या बिचाऱ्याचं पोट जाळून नको होतं. हो बाजूला, बघू दे मला त्याला."