पाण्याची चव घेणारे मामा

बेळगावापासून निपाणीपर्यंत कुणाच्याही घरी पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो. माझ्या बायकोचे मामा आले की मात्र आधी चहा येतो आणि तांब्या लपवला जातो. सगळ्या चिकोडी तालुक्यात पाणी विचारायला लोक ज्याला घाबरतात असा हा एकच माणूस असेल. कारण मामा पाणी पीत नाहीत, तपासतात. एक घोट घेतात, डोळे मिटतात, तो घोट गालातल्या गालात फिरवतात आणि मग यजमानाच्या तोंडावर निकाल देतात. आमच्या लग्नात माझ्या वडिलांनी त्यांना मोठ्या मानानं पाणी दिलं, तर मांडवात सगळ्यांच्या देखत म्हणाले, "पाणी विहिरीचं हाय. विहीर चांगली हाय. कळशी न्हाय." आमची आई त्यानंतर दोन वर्षं मामांशी बोलली नाही, पण कळशी त्याच आठवड्यात बदलली.

ही जीभ त्यांना निपाणीच्या स्टँडनं दिली. स्टँडाबाहेर तीस-पस्तीस वर्षं त्यांचं चहाचं हॉटेल होतं. त्यांचं म्हणणं असं की चहा बिघडला की लोक दुधाला नावं ठेवतात, पत्तीला ठेवतात, चहावाल्याच्या आईबापाला ठेवतात, पण पाण्याला कुणी विचारत नाही. मामांनी विचारलं. कुठल्या नळाचं पाणी कुठल्या महिन्यात कसं लागतं हे त्यांना पाठ होतं. पुढं हॉटेल पुतण्याच्या हातात देऊन ते बोरगाव आणि सदलग्याच्या मधल्या आपल्या गावी, दूधगंगेच्या काठी राहायला आले. पहिल्याच सकाळी नदीवर जाऊन त्यांनी एक घोट तोंडात घेतला, थुंकला आणि घरी येऊन मामींना सांगितलं, "आपल्या दूधगंगेचा बिनदुधाचा चहा झालाय गं. आन् त्यो बी करपलेला."

त्या दिवसापासून मामांच्या आयुष्यात चैन नाही, मामींच्या तर नाहीच. रोज सकाळी ते नदीचं पाणी काचेच्या बरणीत भरून आणत, वर कणकेच्या खळीनं चिठ्ठी डकवत आणि चिठ्ठीवर वार, वेळ, जागा लिहून खाली 'घेणार' म्हणून स्वतःचं नाव टाकत. दुसऱ्यांच्या घरी सोप्यातल्या काचेच्या कपाटात पोरांनी जिंकलेले कप असतात, लग्नातले भांड्यांचे सेट असतात. मामांच्या कपाटात पिवळट, तपकिरी, काळपट अशा बरण्यांच्या रांगा. आलेल्या माणसाला ते एकेक बरणी उजेडात धरून दाखवत, जशा लोक नातवंडांचे फोटो दाखवतात. मामी आतून ओरडायच्या, "माझ्या लोणच्याच्या बरण्या होत्या त्या! ह्यांनी गटार मुरवायला घातलंय त्यात!"

मग तक्रारी. अर्ज कन्नडमधून लागतो म्हटल्यावर मामांनी साठीनंतर कन्नड लिहायला घेतलं. बोलता येत होतंच, पण अक्षरं त्यांना ठाऊक होती ती स्टँडवरच्या बसच्या पाट्यांवरून. त्यामुळं त्यांच्या पहिल्या अर्जात नदीपेक्षा गावांचीच नावं जास्त होती, आणि चिकोडीच्या कारकुनानं तो वाचून विचारलं म्हणे, "अज्जा, तुम्हाला जास्तीची बस पाहिजे काय?" मामा खचले नाहीत. दुसऱ्या वेळी ते पाटीभर मेलेले मासे घेऊन गेले. शिपायानं दारातच अडवून भाव विचारला. बेळगावच्या कचेरीत सांगितलं की घाण वरून, महाराष्ट्रातून येते. कोल्हापूरला गेले तर तिथं सांगितलं की तुम्ही कर्नाटकात राहता, तुमचा अर्ज आम्हाला चालत नाही. "माणूस एका राज्यात न् त्याची घाण दुसऱ्या राज्यात," मामा म्हणायचे, "एवढी वर्सं आपण सीमा कुठली म्हणून भांडलो, पाव्हणं. ती नदीच्या पाण्यावर काढलेली हाय हे कुणी सांगितलंच न्हाय."

'पाव्हणं' म्हणजे मी. आता माझ्याबद्दल लिहायला हवं, आणि इथपर्यंत मी ते टाळत आलो हेही लिहायला हवं. मळीपासून स्पिरिट काढणाऱ्या एका कारखान्यात मी केमिस्ट आहे. कारखान्याचं नाव सांगत नाही, माझं तोंड दाखवतो तेवढं पुरे. स्पिरिट निघालं की मागे काळं, उग्र वासाचं पाणी उरतं. ते तळ्यात साठवून निवळायचं असा कायदा आहे, आणि तळं भरलं की व्हॉल्व्ह उघडून नाल्यात सोडायचं असा रिवाज आहे. नाला नदीला मिळतो, आणि नदी मामांच्या गावावरून जाते. मामांना हे सगळं ठाऊक होतं. जावई कुठं नोकरीला आहे हेही ठाऊक होतं. पण माझ्यासमोर त्यांनी कारखान्याचा विषय कधी काढला नाही. आम्ही गेलो की ते बरण्यांच्या कपाटावर टॉवेल टाकत. जावयाचा मान म्हणून. कुणाकुणाच्या घरी जावयाला अंगठी देतात. मला तो टॉवेल मिळाला, आणि मी तो वर्षानुवर्षं मुकाट्यानं घेतला.

तपासणीला साहेब येणार असले की कारखान्याला चार दिवस आधी कळतं. पूर्वी त्या दिवसांत फार धांदल उडायची. मग एकानं एक सोपी युक्ती काढली. आदल्या दिवशी व्हॉल्व्ह बंद करायचा, पहाटेपासून क्वार्टरच्या बोअरचं पाणी नाल्यात सोडायचं, आणि साहेबांना जेवू घालून दुपारी नमुना घ्यायला न्यायचं. तोवर नाला कसा न्हाऊनमाखून बसलेला असतो. ती युक्ती काढणारा मीच. त्या वर्षी मला बढती मिळाली आणि तिचे पेढे मी मामांकडे नेले होते. मामांनी पेढा खाल्ला, वर आमच्याच घरून नेलेल्या बाटलीतलं पाणी प्यायले, आणि डोळे मिटून म्हणाले, "तुमच्या क्वार्टरच्या बोअरला सुरुवात गोड हाय, पाव्हणं. शेवटाला मातर लोखंड लागतंय. गंजलेला खिळा चघळल्यागत. पायपा बदलून घ्या." मी हसलो. तेव्हा मला सगळंच विनोदी वाटत असे.

एवढ्या अर्जांनंतर, आमचा कारखाना कर्नाटकाच्याच हद्दीत आहे हे बेळगावला पटलं आणि अखेर एकदाची मामांच्या तक्रारीची तपासणी लागली. तक्रारदारासमोर नमुना घ्यायचा, पंचनामा करायचा. मामांनी धुतलेलं धोतर नेसलं, डोक्याला फेटा बांधला. गावातली वीस-पंचवीस माणसं नाल्याच्या तोंडाशी जमली. बेळगावचे दोन साहेब आमच्याकडे जेवून आले होते आणि जेवण बरं झालं होतं हे त्यांच्या चालण्यावरून दिसत होतं. आमचे मॅनेजर छत्री धरून उभे होते. मी नमुन्याच्या बाटल्यांची पेटी घेऊन त्यांच्या मागे. नाल्यातून निर्मळ पाणी वाहत होतं. गावकरी एकमेकांकडं बघायला लागले.

"आरं, काल तर काळं होतं की!" एकजण म्हणाला.

"काल काल होता, आज आज आहे," मॅनेजर हसत म्हणाले. "पाणी समोर आहे. बघा ना."

"बघायचं कशाला? मामांना इचारा," मागून कुणीतरी ओरडलं. "मामा, बघा चव!"

साहेब "अहो, अहो" म्हणेपर्यंत मामा वाकले होते. एक ओंजळ घेतली, घोट तोंडात धरला, डोळे मिटले. मी त्यांच्या गालाकडं बघत होतो. घोट एकदा इकडं गेला, एकदा तिकडं. सुरुवात गोड. मग त्यांच्या कपाळावर एक बारीक आठी आली आणि मला कळलं की खिळा लागला. त्यांनी डोळे उघडले ते सरळ माझ्यावर. दुसऱ्या कुणाकडं बघितलंच नाही. त्या एका क्षणात माझी नोकरी, माझं क्वार्टर, माझी अब्रू सगळं त्यांच्या जिभेवर होतं. 'हे बोअरचं हाय, ह्यांच्या क्वार्टरचं' एवढंच म्हणायचं होतं. कित्येक वर्षं त्यांनी याच एका वाक्याची वाट बघितली होती. गाव त्यांच्या तोंडाकडं बघत होतं, कारण गावाचा प्रयोगशाळेपेक्षा मामांच्या जिभेवर विश्वास होता.

मामांनी घोट गिळला. मी त्यांना नाल्याचं पाणी गिळताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

"पाणी चांगलं हाय, सायेब," ते म्हणाले. "लिवा."

पंचनाम्यावर त्यांनी कन्नडमध्ये सही केली, मन लावून, एकेक अक्षर काढत. ती सही त्यांनी याच दिवसासाठी घटवली होती. गावकरी पांगले. जाताना एकजण म्हणाला, "काय मामा, कारखान्याचा चहा गोड लागला वाटतं?" जन्मभर चहा विकलेल्या माणसाला याहून वाईट बोलता आलं नसतं. मी मामांना कारखान्याच्या गाडीत बसवून घरी सोडलं. त्यांच्या दारात ते उतरले, चप्पल सारखी केली, आणि खिडकीत वाकून म्हणाले, "पाव्हणं, पायपा अजून बदलल्या न्हाईत व्हय तुम्ही."

एवढंच. मला शिव्या घातल्या असत्या तर मी आज बरा असतो.

निकाल चांगला आला. चांगल्या पाण्याचा चांगलाच येणार. तक्रार बंद झाली. आणि मामा साधे झाले. कुणीही तांब्या पुढं केला की घटाघटा प्यायला लागले. डोळे मिटत नाहीत, गाल हलत नाहीत, प्यायले की "बरं हाय" म्हणून तांब्या खाली. नातेवाईक खूश झाले. म्हणाले, म्हातारा सुधारला. कपाटातल्या बरण्या रिकाम्या झाल्या. मामींनी त्यात लोणचं घातलं आणि मला फोन करून रडल्या. "जावईबापू, बरण्या मिळाल्या हो मला. पण त्या बघवत न्हाईत."

मी बायकोला सगळं सांगितलं. युक्ती कुणाची, पाणी कुठलं, मामांनी काय गिळलं. तिसऱ्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "माझ्या मामाला खोटं बोलायला लावलंत तुम्ही. त्याच्या जिभेला." मग स्वयंपाकघरात गेली आणि लोणच्याची एक बरणी धुऊन, पुसून माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवली.

व्हॉल्व्ह उघडला त्या दिवशी मी ती भरली. माझ्या पगाराची वीस वर्षं ज्या पाण्यावर गेली ते पाणी मी पहिल्यांदाच हातात धरलं होतं. तळ्यात नावालाच थांबलेलं, काच धरवत नव्हती इतकं गरम. रविवारी ती घेऊन मामांकडे गेलो. वर कणकेच्या खळीनं चिठ्ठी होती. वार, वेळ, जागा. 'घेणार' च्या पुढं माझं नाव.

मामींनी दार उघडलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई, तुम्ही पण?"

मामांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली. झाकण काढून वास घेतला, परत लावलं. मग अंगठ्याच्या नखानं माझं नाव खरवडायला लागले. "नाव कशाला लिवलंय? खोडा. आमच्या पोरीचा संसार हाय."

"बरणी तिनंच दिली, मामा."

त्यांचं नख थांबलं. मग आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. मला दिला. मी प्यालो.

"कसं हाय?" त्यांनी विचारलं. आजवर त्यांनी हा प्रश्न कुणालाही विचारला नव्हता.

मला चवीतलं काही कळत नाही. पण तोंडात आलेलं 'चांगलं हाय' मी कसंबसं मागं ढकललं. "चांगलं न्हाय, मामा," म्हटलं.

"न्हायच," ते म्हणाले. त्यांचे डोळे जरा मिटल्यासारखे झाले. "नदीकाठची बोअर हाय. बसा. अर्ज लिवू."

तो अर्ज बेळगावला जाऊन बरेच दिवस झाले. खाली दोन सह्या आहेत, एक कन्नडमध्ये, एक मराठीत. उत्तर आलेलं नाही. दोनदा चौकशीला गेलो तर 'नाळे बन्नी', म्हणजे उद्या या, असं अगदी गोड कन्नडमध्ये सांगण्यात आलं. माझी नोकरी हे लिहिताना आहे. हे छापून आल्यावर असेल असं वाटत नाही, आणि त्याची भीती मला पुष्कळ वाटते. मी काही शूर झालेलो नाही. व्हॉल्व्ह अजून उघडतो. गावात मात्र त्या दिवसाचं पाणी कुणाच्या बोअरचं होतं हे मी चावडीसमोर उभं राहून सांगितलं आहे, आणि मामांना आता चहावरून कुणी बोलत नाही. मला बोलतात. बोलावंच.

परवा निपाणीत एका बारशाला गेलो होतो. यजमानीण नवी होती, तिला कुणी सावध केलं नव्हतं. तिनं मामांपुढं तांब्या धरला. मामांनी एक घोट घेतला आणि थांबले. डोळे मिटले. गाल हलला. "टाकी कधी धुतली होती, बाई?" त्यांनी विचारलं. "आत पाल पडलीया." बाई लाल झाली, तिची सासू तिच्याहून लाल झाली, घरात असा गोंधळ उडाला की बाळाचं नाव ठेवायचं राहूनच गेलं. माझ्या बायकोनं हळूच माझा हात दाबला. बघितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

गावी परतल्यावर मामा आम्हाला पुलापलीकडच्या थांब्यावर पोचवायला आले, तेव्हा नदीच्या पुलावर जरा टेकले. खाली काळं पाणी संथ चाललं होतं. मी विचारलं, "मामा, तुमच्या लहानपणी ह्या पाण्याची चव कशी होती?"

साऱ्या तालुक्याच्या पाण्याची चव एका घोटात सांगणारा माणूस कितीतरी वेळ अडखळला. आठवायला लागले. नकळत त्यांचे दोन्ही हात पुढं आले आणि कठड्यावर त्यांची ओंजळ झाली.

"सांगू कशी, पाव्हणं?" ते शेवटी म्हणाले. "चवच नव्हती तिला. नुसतं पाणी होतं."

मग ओंजळीकडं त्यांचं लक्ष गेलं. ती त्यांनी सोडली, कोरडे हात उगीचच धोतराला पुसले आणि म्हणाले, "चला. बस जाईल."