ॲडमिनचे अधिकार

गुटख्याचा वास आला की मला कॉलेजची लॅब आठवते आणि किळस येते. आई नाटे गावच्या बाजारात मासळी विकून मला शिकवत होती. घरी कॉम्प्युटर कुठला? शेवटच्या वर्षाचा प्रकल्प लॅबमध्येच व्हायचा, नाहीतर वर्ष फुकट. त्यासाठीचं सॉफ्टवेअर पॅकेज बसवताना पडद्यावर आलं, ‘ॲडमिनचे अधिकार हवेत.’ ते लॅबच्या सरांकडे. मी विचारायला गेले, तर सर तोंडातला गुटखा घोळवत म्हणाले, “ही मासळीची टोपली नव्हे गो, कुणीही हात घालायला.” मला ओकारीच आली, वासाने आणि माणसानेही. परत येऊन पॅकेजच्या सूचना तळापर्यंत वाचल्या. कॉम्प्युटरवरच्या फक्त आपल्या खात्यापुरतं बसवायचं, तर अधिकार लागतच नव्हते. पडद्यावरचा संदेश लिहिणाऱ्याने ते लागतीलच असं उगाच गृहीत धरलं होतं. मी पॅकेज बसवलं, प्रकल्प मुदतीत दिला. आज आमच्या घरातली पहिली पदवीधर मी आहे.