साहेबांची किडकी वांगी

कळंबच्या रस्त्यावर मी आमच्या मळ्यातली वांगी घेऊन बसते. दर रविवारी रिसॉर्टवरनं एक साहेब येतात. नाव मी कधी विचारलं नाही. चकचकीत वांगं ते दोन बोटांनी बाजूला सारतात आणि चष्मा कपाळावर चढवून भोकं शोधत बसतात. कीड लागू नये म्हणून बियाण्यातच बदल केलेलं वांगं निघालंय म्हणे. आपल्याकडे त्याला बंदी आहे, तरी साहेबांना धास्ती.

"ते खाऊन कोनाला काय झालं का, साहेब?"

"अजून नाही. पण जे अळीला चालतं, तेच आपण खावं."

मी मान हलवली. पूर्वी किडकी वांगी म्हशीला घालायचे, आता साहेबांसाठी वेगळी काढते.

या अळीपायी माझा नवरा सारखा पाठीवर पंप घेऊन औषध मारतो आणि संध्याकाळी डोकं धरून ओटीवर बसतो. अळी तोवर वांग्यात शिरून गर खात असते. औषध बसतं सालीवर.

परवा जाताना साहेब मला शिकवून गेले, "वांग्याची साल कधी काढू नका हं. सगळं सत्त्व सालीत असतं."