संत्रं संपायच्या आत

आमच्या सायकल क्लबात माणसाची पत एका संत्र्यावर ठरते. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी सगळे अर्त्सुबीच्या चढाने डोंगरावरच्या देवळापर्यंत जातात. वर प्रुदेन्सिओ बसलेला असतो. तो क्लबातला सर्वांत वयस्कर, त्याला मोटारीने आधीच नेऊन ठेवतात. पहिला गडी पोचला की प्रुदेन्सिओ संत्रं सोलायला घेतो, एकेक फोड खातो आणि शेवटची गिळली की घंटा वाजवतो. घंटेआधी पोचलेले वर्षभर दर रविवारी पहिल्या गटात, उरलेले दुसऱ्यात. घड्याळ आणायची सूचना एकदा आली होती. घड्याळावर कोणाचाही विश्वास नसल्याने ती फेटाळली गेली.

पहिल्या गटात तिसाहून अधिक वर्षं काढलेला बिट्टोर ओलायझोला गेल्या वर्षी निव्वळ संत्र्यात बिया निघाल्या म्हणून वाचला. प्रुदेन्सिओ त्या थुंकत होता तेवढ्यात बिट्टोरचं पुढचं चाक देवळाच्या पायरीला लागलं.

"पुढच्या वर्षी टरबूज मागवू या तुझ्यासाठी," होसेबा म्हणाला. होसेबा त्याचा शाळेपासूनचा मित्र. दुसरा कोणी हे बोलला असता तर बिट्टोरने सायकल फेकून मारली असती.

बिट्टोर मुळातच कमी बोलायचा. लेथवर आयुष्य घालवलेला माणूस. यंत्राच्या आवाजात बोलणं फुकट जातं हे तो लवकर शिकला आणि निवृत्तीनंतरही विसरला नाही. पण दुसरा गट म्हणजे होसेबाच्या चाकामागची जागा गेली, आणि त्या चाकाखेरीज रविवारी बघायला दुसरं काही असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. हिवाळाभर तो रोज अर्त्सुबी चढला. रोज जीव खाऊन. वसंतात तो आणखी सावकाश झाला होता.

त्याची मुलगी नाहिया खेळाडूंच्या शरीराचा अभ्यास करते. तिने त्याला प्रयोगशाळेतल्या सायकलवर बसवलं, दर थोड्या वेळाने कानाच्या पाळीला टोचून रक्ताचा थेंब घेतला, स्नायूंवर ताण आला की रक्तात वाढणारं लॅक्टेट मोजलं.

"आइता," ती बापाला म्हणाली, "तू हळू जायच्या दिवशी फार जोरात जातोस. म्हणून जोरात जायच्या दिवशी तुझ्यात जोरच उरत नाही."

"हळू जायचा दिवस कुठला?" बापाने विचारलं.

"तेच म्हणतेय मी."

मग तिने समजावलं. आठवड्यातून दोनदाच चढावर खरे घाव घालायचे: काही मिनिटं पूर्ण ताकद, मग विश्रांती, पुन्हा ताकद. त्याने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. बाकीचे दिवस लांब आणि संथ. त्याने स्नायूंतल्या बारीक भट्ट्या वाढतात, चरबी जाळून चालणाऱ्या. शरीर बळकट होतं ते सायकलवर नाही, नंतर, झोपेत. जोर आणि संथपणा या दोन्हींच्या मधला जो वेग असतो, ज्याने दम लागतो पण सुधारणा बेताचीच होते, तो आमच्या खोऱ्यातल्या प्रत्येक पुरुषाचा रोजचा वेग आहे.

"संथ म्हणजे किती संथ?"

"बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्ये तुटता कामा नये."

बिट्टोरने बराच विचार केला. "कोणतं वाक्य?"

अडचण खरी होती. पण त्याहून मोठी अडचण दुसरीच. आमच्याकडे कोणी ओलांडून पुढे गेलं तर त्याच्या मागे लागावंच लागतं. न लागणारा एक तर आजारी असतो किंवा परदेशी. पहिल्याच मंगळवारी नदीकाठच्या रस्त्यावर बेकरीवाली बिट्टोरला ओलांडून गेली. टोपलीत कांद्याची पात. तो हँडलला चिकटून राहिला आणि तिला जाऊ दिलं. संध्याकाळपर्यंत दोघं जण त्याच्या तब्येतीची चौकशी करून गेले.

वाक्यांचा प्रश्न त्याने कॉड माशाने सोडवला. सायकल चालवताना तो खारवलेल्या कॉडची कृती मोठ्याने सांगू लागला: भिजत घाल, पाणी बदल, तेलात लसूण, मातीचं भांडं हलवत राहा, रस्सा दाट होईपर्यंत हलवत राहा.

"बिट्टोर माशाशी बोलतो," गावात झालं.

शेवटी त्याची बायको एदुर्नेच कंटाळली. "निदान माणसाशी बोल," म्हणाली आणि मोटरवाली सायकल काढून बरोबर निघाली.

त्या दोघांना नदीकाठी शेजारी शेजारी जाताना आम्ही उन्हाळाभर पाहिलं. काय बोलत होते ते कळत नसे, पण तो बोलत होता. एकदा नाहियाने त्याच्या छातीवरच्या, नाडी मोजणाऱ्या पट्ट्याची नोंद पाहिली. सपाट रस्त्यावर नाडी एकदम उडालेली.

"आइता, इथे कोणाचा पाठलाग केलास का?"

"नाही. तुझ्या आईने सांगितलं, माझा कॉड तिला कधीच आवडला नाही."

"लसूण जळतो त्याचा," आतून आवाज आला. "लग्नापासून जळतोय."

सप्टेंबर आला. अर्त्सुबीच्या पायथ्याशी सगळे नेहमीसारखे उधळले, होसेबा सर्वांत पुढे. "माशाला नमस्कार सांग रे!" तो ओरडला. बिट्टोर मागे, एकटा. दम बेताने खर्चत तो चढत राहिला. अर्ध्या चढाला एकेक जण त्याच्याकडे उलटा येतोय असं वाटू लागलं. म्हणजे ते मंदावत होते, तो नव्हता.

देवळाआधीच्या वळणावर होसेबा सापडला; तरुण गडी त्याला केव्हाच मागे टाकून गेले होते. बिट्टोर त्याच्या बाजूला आला आणि म्हणाला, "होसेबा, तुझी बायको कॉडमध्ये लसूण कधी घालते, तेल तापायच्या आधी की नंतर?"

पूर्ण वाक्य. कुठेही तुटलेलं नाही.

होसेबाच्या तोंडातून फक्त हवा आली. बिट्टोरने थोडी वाट पाहिली, उत्तर येत नाही असं दिसल्यावर पुढे गेला. तो वर पोचला तेव्हा प्रुदेन्सिओच्या तळहातावर अजून दोन फोडी होत्या. बिट्टोर पायरीवर बसला आणि त्या फोडींकडे, मग रस्त्याकडे, मग पुन्हा फोडींकडे बघू लागला.

"बिया नाहीत का यंदा?" त्याने हळूच विचारलं.

"नाहीत," म्हणाला प्रुदेन्सिओ. त्याने उरलेल्या दोन्ही फोडी गिळल्या आणि घंटा वाजवली. होसेबा तेव्हा कुठे वळणातून बाहेर पडत होता.

त्या दिवशी जेवताना टरबुजाचा विषय कोणी काढला नाही. बिट्टोरला पहिल्या गटातली जागा मिळाली, फक्त ज्याच्यासाठी ती हवी होती ते होसेबाचं चाक तिथे नव्हतं. मंगळवारी सकाळी तेच चाक त्याच्या दारात उभं होतं.

"हळू जायचं म्हणे," होसेबा जमिनीकडे बघत म्हणाला.

"हो."

तिघं निघाले. पुलापाशी एदुर्नेने मोटरचा जोर एक घर वाढवला आणि दोघांना ओलांडून गेली. होसेबा तत्काळ पेडलवर उभा राहिला. बिट्टोरने हात लांब करून त्याच्या जर्सीची पाठ धरली.

"बस खाली," तो म्हणाला. "आणि काहीतरी बोल."