मस्कतची लेक आणि पत्ता विचारणारी मशीन

मी दुसरीपर्यंत शिकलो. पण सुरतेत उधन्याच्या कापड कारखान्यात लूमच्या नुसत्या आवाजावरून कुठं काय बिघडलंय ते सांगायचो, हे छातीवर हात ठेवून लिहितो. एक गोष्ट मात्र मला कधी जमली नाही, पत्ता विचारणं. धुळ्याहून सुरतला पहिल्यांदा उतरलो तेव्हा स्टेशनापासून चुकत चुकत दिवसभर चाललो, पण कुणापुढं तोंड उघडलं नाही. विचारलं की आपण लहान होतो, असं माझं मत. आजही फारसं बदललेलं नाही.

तर नव्वदचं दशक सरत आलं होतं. लेक मस्कतला होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला विमानात बसू दिलं नाही. बाळ पोटात उलटं होतं, पाय खाली आणि डोकं वर. दिवस भरून गेले तरी निरोप नाही. बूथवरून फोन लावला तर तिकडं नुसती घंटी वाजायची. जावईबापूंनी आधी सांगून ठेवलं होतं, "मामा, फोन नाही लागला तर इंटरनेटवर बघा, मी लिहीन."

आमच्या सोसायटीच्या नाक्यावर एका गुजराती बेनने इंटरनेटचं दुकान काढलं होतं. जावईबापू तिच्याच ई-मेलवर लिहिणार होते. बायकोला घेऊन तिथं गेलो.

"पोर कशी शे, ते सांगा पहिले," बायको खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाली.

"मासी, शांती राखो. आधी खोलू तर द्या," बेन म्हणाली.

तिने टपालाच्या साइटचं नाव टाकलं. बराच वेळ काही नाही, मग पाटी आली. नाव सापडत नाही म्हणे. दुसऱ्या एका साइटचं नाव टाकून बघितलं, ते रडतखडत उघडलं. बेनने लाइन तोडली, परत जोडली. फोनच्या तारेला जोडलेला डबा चिरचिरला, शिट्ट्या मारून झाल्या. पुन्हा तीच पाटी.

"काका, साइटच बंद असेल. सांजे आवजो."

"संध्याकाळी कशाला? मी इथून उठत नाही," मी म्हणालो.

"ते उठत नसतात," बायको बेनला म्हणाली. "लग्नात पण असेच बसले होते. रुसून."

बेन हसली, पण मग तिलाही चेव आला. तिने मशीनच्या आतलं कुठलंसं पान उघडलं. तिथं नुसते आकडे, मध्ये मध्ये टिंबं. मी विचारलं हे काय. तेवढं विचारलं.

"काका, मशीनला नाव समजत नाही. आकडा लागतो. आपण नाव टाकलं की ही इंटरनेटवाल्या कंपनीच्या मोठ्या मशीनला विचारते, याचा आकडा काय? तिने सांगितला की मगच तिकडे जाते."

"दरवेळी विचारते?"

"जवळजवळ दरवेळी."

"काल जाऊन आली असली तरी?"

"तरीपण."

समुद्रापलीकडून निरोप आणणारी मशीन, आणि एवढ्या-तेवढ्याला पत्ता विचारत बसते! आणि विचारते म्हणूनच पोचते. मी खुर्ची मशीनच्या आणखी जवळ ओढली.

बेन बोटाने दाखवत होती. विचारायला दोन ठिकाणं लिहिलेली होती. पहिलं मेलेलं दिसत होतं, काही बोलतच नव्हतं. पण ही बिचारी आधी त्याच्याच दारात उभी राहायची, वाट बघायची. कधी दुसऱ्याकडे जायची, कधी थकून परत फिरायची. बेनने दुसरा आकडा वर घेतला, पहिला खाली टाकला. मशीन बंद करून पुन्हा चालू केली. ती उठेपर्यंत बायकोने माझी बाही धरून ठेवली होती. सोडली नाही.

नाव टाकलं. पान धाडकन समोर! एवढा वेळ अडलेलं टपाल पापणी लवायच्या आत उघडलं. बेनने वाचलं, "बेटी हुई है. ऑपरेशन करना पड़ा. दोनों ठीक हैं."

"दोघी?" बायकोने विचारलं.

"दोनों, मासी. फोटो पण आहे."

जावईबापूंनी हापिसातून फोटो पाठवला होता. तो वरून खाली, पट्टी पट्टीने उतरू लागला. आधी काळं जावळ. मग कपाळ. मग मिटलेले डोळे. आम्ही तिघंही मशीनच्या काचेवर वाकलो होतो. कुठल्या मुलखातून, कुणाकुणाला विचारत ही पोर येत होती, कोण जाणे.

"आठे तं डोकाकडथून उनी, बाई!" इथं तरी पोर डोक्याकडून आली, असं म्हणत बायको एकदम रडायला लागली.

हनुवटी आली, गुंडाळलेलं दुपटं आलं, फोटो पुरा झाला. बायकोने डोळे पुसले, काचेवरून दोन्ही हात उतरवले आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मी काचेपासून हललो नाही. बेनलाही उठवायचं सुचलं नाही.