वॉटर कूलर राहिला, बाई शिकल्या

तर वॉटर कूलर घ्यायला निघालेले औषधवाले काका कूलरच्या दुकानापर्यंत पोचलेच नाहीत, इथवर काल गाडी आली होती. काल जे हजर नव्हते त्यांच्यासाठी मागचं थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर मध्येच कोणीतरी विचारणार, कुठले काका नि कसला कूलर.

काकांचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं. उभं आयुष्य त्यांनी आणि काकूंनी त्या एका काउंटरमागे काढलं. मूलबाळ नव्हतं. काकू गेल्या, काकांचं दुकानात मन लागेना, म्हणून त्यांनी ते विकलं आणि काकूंच्या वाट्याची रक्कम बाजूला काढली. त्या पैशांतून समोरच्या शाळेला कूलर द्यायचा असं ठरलं. स्टीलचा, तीन नळांचा, आणि दर्शनी बाजूला काकूंचं नाव. शाळेची पद्धतच होती तशी. बाकांवर नावं, पंख्यांच्या पात्यांवर नावं, घड्याळाच्या काट्यांमागे नाव. वेळ बघायला मान वर करावी तर आधी कुणाच्या तरी आजोबांची आठवण काढावी लागायची. काकूंचं नाव मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं, दुकानाच्या पाटीवरही नाही. ते काकांच्या मनाला लागून राहिलं होतं.

तर काका पैशांची पिशवी घेऊन बस थांब्यावर उभे, आणि तिथे त्यांना गाठलं बालवर्गाच्या बाईंनी. अंगाने किरकोळ, पण आवाज असा की पलीकडच्या फुटपाथवरचा माणूस वळून बघेल.

"काका, कूलर घ्यायला निघालात म्हणे."

"हो. तुम्हाला कुठे बसवून हवाय?"

"पोरांना तहान लागली तर नळ आहे," बाई म्हणाल्या. "मला शिकवता येत नाहीये, त्याचं काय करायचं?"

काका चाटच पडले. "शिकवता येत नाही तर पगार कसला घेता, बाई?"

दुसरी कोणी असती तर तोंड फिरवून निघून गेली असती. या हसल्या. म्हणाल्या, "तेच मी रोज स्वतःला विचारते. एकदा वर्गात येऊन बसा, मग काय बोलायचं ते बोला."

बस आली आणि गेली. काका बाईंच्या मागोमाग शाळेत शिरले.

त्या गल्लीतली परिस्थिती अशी, की आजूबाजूला चपलांचे तळवे चिकटवण्याचे नि शिवणकामाचे कारखाने. कामासाठी माणसं कुठून कुठून आलेली, आणि येताना सामानाबरोबर आपापली भाषाही घेऊन आलेली. बालवर्गात वीस-बावीस पोरं, आणि घरच्या भाषा पाच-सहा. शाळेची भाषा त्यातल्या मोजक्याच घरांत बोलली जायची.

काकांना बसायला बालवर्गातली खुर्ची मिळाली, म्हणजे गुडघे हनुवटीला टेकले. बाईंनी पोरांना सांगितलं, "कागद घ्या." पोरांनी एकमेकांकडे बघून कागद घेतले. खिडकीजवळची एक मुलगी तशीच बसून राहिली. एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा. सगळे तिला गप्पू म्हणायचे, कारण शाळेत आल्यापासून तिने तोंड उघडलं नव्हतं.

"कागद घे," बाई म्हणाल्या. गप्पू बघत राहिली. बाई जरा मोठ्याने म्हणाल्या, "कागद घे." मग आणखी मोठ्याने. तिसऱ्या वेळी शेजारच्या वर्गातल्या पोरांनीसुद्धा कागद घेतले असतील, पण गप्पूने दोन्ही कानांवर हात ठेवले.

काकांना हसू फुटलं. आता हे हसू कशाचं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

काका दुकानात हेच करायचे. समोरच्याला भाषा कळत नाही असं दिसलं की आवाज चढवायचे. एकदा भाषा न कळणाऱ्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी खोकल्याच्या औषधाबद्दल इतक्या जोरात समजावलं, की बिचारा घाबरून मान डोलावत निघून गेला. दोन दिवसांनी परत आला तेव्हा खोकला होता तसाच, आणि विजार वर करून दाखवतो तर गुडघ्याला मुंग्या. गोड औषध त्याने रोज गुडघ्याला चोळलं होतं. त्या दिवशी काकूंनी काकांना काउंटरवरून उठवून मागे बाटल्या पुसायला बसवलं. त्यानंतर गिऱ्हाईक औषध घेऊन निघालं की काकू त्याला थांबवायच्या, आणि हे कुठे लावणार, कसं पिणार, ते करून दाखवायला सांगायच्या. दुकानापुढे रोज नाटक चालायचं, पण पुन्हा कुणाच्या गुडघ्याला मुंग्या लागल्या नाहीत.

सुट्टीत पोरं बाहेर गेली, तेव्हा बाई खुर्ची ओढून काकांसमोर बसल्या. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"काका, ओरडणं तरी दिसतं. मी त्याहून मोठा घोळ केलाय. वर्ष सुरू झालं तेव्हा गप्पूच्या आईला बोलावून सांगितलं, घरी शाळेचीच भाषा बोला, म्हणजे मुलगी लवकर शिकेल. आई कष्टाळू, तिने माझ्यावर विश्वास टाकला. तिला शाळेच्या भाषेतले शब्द येतात ते बोटांवर मोजण्याइतके. ये, जेव, झोप, हात धू. तेवढ्यावर ती लेकीशी बोलते. आधी ती पोर घरी तरी बोलत होती हो. आता तिथेही गप्प."

काकांनी खुर्ची जरा पुढे ओढली.

"गावाच्या दुसऱ्या टोकाला शिक्षकांचं कॉलेज आहे," बाई सांगू लागल्या. "अशी अनेक भाषांची लहान पोरं कशी शिकवायची, त्याचा वर्षभराचा अभ्यास आहे. आठवड्यातून एक दिवस तिथे जायचं, आणि अधूनमधून तिथल्या एक जाणत्या बाई आपल्या वर्गात येऊन मागे बसतात, आपलं काय चुकतं ते नंतर सांगतात. पण फी आहे, आणि मी गेले की त्या दिवशी वर्गावर बदली बाई लागतात, त्यांना दिवसाचे पैसे द्यावे लागतात. शाळेकडे खडूला पैसे आहेत, पंख्याला आहेत. बाईच्या शिकण्याला पैसे द्यायचे असतात, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही."

काकांनी विचारलं, "आणि नाव कुठे लिहायचं?"

"ते मात्र मला सुचलेलं नाही," बाई म्हणाल्या. खोटा दिलासा दिला नाही, हे काकांना आवडलं. पण आवडलं म्हणून प्रश्न सुटला नाही.

घरी आक्का वाट बघत होत्या. काकांची थोरली बहीण. काकू गेल्यापासून त्याच घर बघायच्या, आणि काकांनाही. पिशवीतले पैसे तसेच बघून त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि मग तोफ डागली.

"अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? कूलर म्हणजे वस्तू आहे. पोरं रोज पाणी पितील, तिचं नाव वाचतील. त्या बाईने उद्या नोकरी सोडली तर? शिकलेलं सगळं डोक्यात घालून घेऊन जाईल. मग तू काय, तिच्या डोक्यावर नाव रंगवणार?"

आक्कांचं बोलणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. काका तीन-चार दिवस त्याच विचारात होते. दाढी करताना थांबायचे, जेवताना थांबायचे. एकदा तर कूलरच्या दुकानात जाऊन नळ सोडून पाणी पिऊन आले. पाणी गार होतं, काही वादच नव्हता. पण परत येताना पावलं शाळेवरून गेली, आणि खिडकीत गप्पू दिसली, कानांवर हात.

काका शेवटी दुकानदार माणूस. त्यांनी आक्कांच्या शंकेवर दुकानदारी तोड काढली. चालणाऱ्या औषधाची एकच बाटली कधी ठेवायची नसते, तशी एकच बाई शिकवून ठेवायची नाही. बालवर्गाच्या बाई आणि पहिलीच्या बाई, दोघींना पाठवायचं. एक गेली तर दुसरी राहील.

पहिलीच्या बाई निवृत्तीला टेकलेल्या. त्या म्हणाल्या, "या वयात मला शाळेत घालताय होय?" पण गेल्या. पहिल्याच आठवड्यात बसमध्ये झोप लागून पुढच्या थांब्यावर उतरल्या, आणि उशीर झाला म्हणून वर्गात मागे उभं राहावं लागलं. त्या आठवणीने त्या अजून लाजतात.

काकांना आता नवा उद्योग लागला. दर आठवड्याला शाळेच्या फाटकाशी उभं राहून दोघींना विचारायचं, "काय शिकलात?" पालक पोराला विचारतो तसं. बाई काय काय सांगायच्या. पोराची घरची भाषा ही अडचण नसून पायाखालची जमीन आहे, ती काढून घेतली तर पोर नवं पाऊल टाकणार कशावर. सांगण्याआधी दाखवायचं. उत्तराची वाट बघायची, आपल्याला वाटतं त्याच्या दुप्पट. काका ऐकायचे आणि विचारायचे, "आणि गप्पू?" बाई म्हणायच्या, "अजून नाही."

असे महिने गेले. घरी आक्का रोज विचारायच्या, "बोलली का रे तुझी पोर?" आणि काका पेपर तोंडासमोर धरायचे.

बाईंनी गप्पूच्या आईला पुन्हा बोलावलं होतं. माझं चुकलं, तुमच्याच भाषेत बोला, भरपूर बोला, असं सांगितलं. आईने डोळे पुसले म्हणे, आणि मग इतकं बोलली की बाईंना एक अक्षर कळलं नाही. पुढे बाईंनी तिला वर्गात गोष्ट सांगायला बोलावलं. आई कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आली, हाताला अजून डिंकाचा वास. बाईंनी काकांनाही निरोप धाडला. काका दाराशी चहाचा कप घेऊन उभे राहिले.

आई एका कोंबडीची गोष्ट सांगत होती, आपल्या भाषेत. हातवारे इतके झकास की पोरं हसत होती. मध्येच खिडकीजवळून एक खणखणीत आवाज आला. गप्पू उभी राहून आईला रागावत होती. आईने गोष्ट चुकवली होती. गप्पू पुढे आली, आईला बाजूला सारलं, आणि गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागली. आपल्या भाषेत, आणि अडेल तिथे शाळेच्या भाषेतले शब्द. दार. अंडं. पळ. ते शब्द तिने इतके दिवस गप्प बसून साठवले होते, हे कुणाला ठाऊकच नव्हतं. पहिलीच्या बाईही वर्ग सोडून आल्या होत्या. दोघी बाई जमिनीवर मांडी घालून बसल्या, कुणी मध्ये बोललं नाही, कुणी सुधारलं नाही.

गोष्ट संपल्यावर बालवर्गाच्या बाई काकांकडे आल्या. त्यांनी काकांच्या हातातला कप काढून घेतला, चहा तसाच भरलेला, केव्हाचा गार झाला होता.

काका घरी आले. आक्कांनी सगळं ऐकलं, दोनदा ऐकलं, कोंबडीचं तर तिसऱ्यांदा विचारून घेतलं. मग पदराला हात पुसत त्या हळूच म्हणाल्या, "छानच झालं रे. पण तिचं नाव राहिलंच की कुठेतरी यायचं."

काका चपला काढून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "राहिलं खरं, आक्का, आणि ते मला टोचेलही अधूनमधून. पण आज त्या पोरीने आईला बाजूला सारलं ना, तेव्हा आमच्या हिने मला काउंटरवरून उठवलं होतं तो दिवस आठवला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी हिच्या आठवणीने हसलो. उरलेल्या पैशांत दुसरीच्या बाईंनाही पाठवायचं, असं मी येतानाच सांगून आलोय. तू आता रागावू नकोस, चहा टाक. मघाचा प्यायचाच राहिला."